नारळाची दुसरी वाटी

॥ ग्रामदेव प्रसन्न ॥

नंदिगड्डे, ता. जोयडा
९ डिसेंबर २०२४

चि. सुनयना हिस,
नंदिगड्ड्याहून आज्जी गिरजा हिचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील. आजवर माझी पत्रं पोस्टमन नागेश लिहायचा. मला अक्षर कळत नाही, पण कळणारे सांगतात की त्याचं लिहिणं मुंग्यांचं वारूळ काठीनं डिवचल्यासारखं असतं. शिवाय मी चार वाक्यं सांगितली की तो एक लिहायचा आणि चहा मात्र दोन वेळा प्यायचा. त्याला आता सुट्टी दिली आहे.

ही लिहिते आहे ती तुझ्या सरकारी कामातलीच पोरगी, रक्षिता. तू तिला ऑगस्टच्या अखेरीला शेजारच्या देवकीच्या, म्हणजे तिच्या मावशीच्या, दारात आणून उभी केलीस तेव्हा तिनं मान वर केली नव्हती. तू सांगितलेलं मला पाठ आहे. सहा महिने मावशीकडं राहायचं. दर दुसऱ्या सोमवारी जोयड्याला जाऊन सही करायची. आठवड्यातल्या दोन दुपारी गावातल्या म्हाताऱ्यांची लिखापढी करायची. आणि कशाला हात लावायचा नाही. एवढं पार पडलं की फाइल बंद, अंगावर डाग नाही. हे सगळं मी तिच्याकडूनच लिहून घेते आहे. कान लाल झालेत तिचे. होऊ देत.

पोरगी वाईट नाही गं. चोर म्हणून तर अगदीच कच्ची. कुळगीच्या वाटेवरच्या त्या होमस्टेमध्ये भांडी घासता घासता पाहुण्याचा मोबाइल उचलला आणि आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. एकदासुद्धा चालू केला नाही. मी तिला सांगितलं, चोरी करायची तर ती तरी मन लावून करावी. ती हसली. तुझ्या कागदात हसण्याची नोंद करायला जागा असेल तर कर.

एक तक्रार आहे. मी ‘न्हाई’ म्हणते आणि ही ‘नाही’ लिहिते. रामनगरच्या मराठी शाळेत तसंच शिकवलं म्हणते. ब्याऐंशी वर्षं मी चुकीची बोलत होते हे मला सोळा वर्षांच्या पोरीकडून कळलं.

भात मळून झालं. मिरीला यंदा घोस बरे आहेत. तुला मुलांना जेवलास का, झोपलास का, असं विचारायचा पगार मिळतो हे मी अजून कुणाला सांगत नाही. मी जन्मभर ते फुकट केलं.

जेवत जा. इकडची माया पातळ व्हायची नाही, तिकडची होऊ देऊ नकोस.

तुझी,
आज्जी
(अंगठा उमटवला आहे. शाई जास्त लागली. – र.)


हल्याळ
१६ डिसेंबर २०२४

ती. आज्जीस,
सुनयनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र ऑफिसात पोचलं आणि मी ते उभ्यानंच वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारू लागल्या की घरी सगळं ठीक ना, इतकी मी हसत होते. बऱ्याच दिवसांत हसले नव्हते.

आज्जी, माझ्याकडं सध्या त्रेचाळीस मुलं आहेत. यंदा अकरा जणांचे करार संपायचे होते. चौघांचे नीट संपले. बाकीच्यांतला एक गोव्याला पळाला, एकाला बापानंच कामाला पाठवलं, दोघांनी सही करायला यायचं सोडलं. एक मुलगा मला रस्त्यात दिसला आणि त्यानं ओळख दाखवली नाही. मी रोज त्यांच्या फायली लिहिते. पान संपतं, मुलगा हाती लागत नाही. तू म्हणतेस तसं जेवलास का विचारते, आणि ते जेवलो म्हणतात.

म्हणून रक्षिताचं ऐकून बरं वाटलं. ती हे वाचून दाखवते आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा थेट तिलाच लिहिते. रक्षिता, तुझ्या सगळ्या सह्या वेळेवर आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीला बाल न्याय मंडळापुढं तुझी फाइल जाईल. ती बंद झाली की जूनमध्ये आपण दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म भरू. तोवर एवढंच सांभाळ की तुझं नाव पुन्हा पोलीस ठाण्याच्या वहीत चढता कामा नये. चढलं तर करार मोडतो आणि मुलींच्या सुधारगृहात जावं लागतं. मग माझ्या हातात काही राहत नाही.

आज्जी, गुडघ्याला तेल लाव. टेकडीवर किंजळीच्या झाडाखाली जाऊन फोन करायचा हट्ट करू नकोस. पत्रच बरं.

तुझ्या आशीर्वादाची ऊब अशीच राहू दे.

तुझी,
सुनयना


॥ ग्रामदेव प्रसन्न ॥

नंदिगड्डे
५ जानेवारी २०२५

चि. सुनयना हिस,
आज्जी गिरजाचे आशीर्वाद, आणि आज थोडी मिरवणूकही समज.

ऐक. भात घरात आल्यावर आपल्याकडं देवापुढं वर्षाचं गाऱ्हाणं असतं ते तुला आठवतं. तू सात वर्षांची असताना माझ्या खणातला गूळ खाल्ल्याचं तिथं सांगितलं होतंस आणि सगळा गाव हसला होता. परवा ते झालं. मी रक्षिताला आधीच सांगून ठेवलं होतं की सरकारचा करार सरकारपाशी, पण गावाच्या पंगतीत बसायचं तर देवापुढं उभं राहावं लागतं. आणि तिथं अर्धं सांगायचं नसतं. अर्धं धुतलेलं लुगडं वाळत घालण्यापेक्षा मळकंच नेसावं.

तर देवाचा मानकरी महाबळेश्वर मिराशी नारळ घेऊन उभा राहिला. तो अजून गाऱ्हाणं घालताना मध्येच खोकतो आणि देवाला वाट बघायला लावतो. पोरीनं मोबाइलचं सांगितलं. लोकांना ते माहीत होतं. मग ती थांबली. मला वाटलं, संपलं. पण तिनं पुढं सांगितलं की त्याआधी पावसाळ्यात त्याच होमस्टेमध्ये मालकिणीची सोन्याची पाटली गेली होती, तीही तिनंच घेतली होती. घेतली, भ्याली आणि काळी नदीत टाकली. आणि त्या पाटलीपायी तिथल्या स्वयंपाकीणबाईला, दिग्गीच्या सुंदरीला, चोर म्हणून कामावरून काढलं. सुंदरी रडत गेली तेव्हा ही भांडी घासत होती आणि काही बोलली नाही.

मिराशीचा खोकलासुद्धा थांबला. मग त्यानं नारळ फोडला. झालं. आता गावात कुणी तिला त्याबद्दल बोलायचं नाही, बोललं तर बोलणाऱ्याला दंड. त्या रात्री ती देवकीकडं दोन वाढण्या जास्त जेवली. इतकी वर्षं देवकीचा स्वयंपाक खाऊन कुणी असं केलेलं नाही.

सुनयना, तुझ्या सगळ्या ऑफिसानं चार महिन्यांत काढलं नाही ते एका नारळानं काढलं. तुझ्या साहेबांना सांग, नारळ स्वस्त पडतो.

हे लिहिताना पोरीचा हात एकदा थांबला. मी विचारलं, थकलीस का. तिनं नाही म्हटलं आणि लिहीत राहिली.

माया आहे ती वाढवावी, मोजू नये.

तुझी,
आज्जी
(अंगठा)


बेळगाव
११ जानेवारी २०२५

पाकिटावर: पोस्टमन नागेशअण्णा यांनीच वाचून दाखवावे. रक्षिताकडे देऊ नये.

ती. आज्जीस,
सुनयनाचा नमस्कार.

तुझं पत्र हल्याळहून इकडं फिरून आलं. मी प्रशिक्षणाला आले आहे. तेवीस तारखेपर्यंत सुट्टी नाही, नाहीतर रात्रीच्या गाडीनं निघाले असते.

आज्जी, तू काय केलंस हे तुला माहीत नाही, आणि तुझ्यावर रागावायचं मला जमत नाही. पाटलीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांना नाही, मंडळाला नाही, मला नाही. नियमानं मला असं काही कळलं तर ते त्याच आठवड्यात लिहून द्यायचं असतं. दिलं तर करार राहील की मोडेल, सांगता येत नाही. आणि हे नुसतं कळलेलं नाही, तिच्याच हातानं लिहिलेलं आहे, खाली तारीख, तुझा अंगठा.

मी ते पत्र फाइलला लावलेलं नाही. माझ्या पिशवीत, छत्रीखाली ठेवलं आहे. फक्त सात आठवडे राहिले आहेत. एवढे दिवस कुणी काही बोलू नका. मिराशीअण्णांना सांग, देवकीमावशीला सांग. सुंदरीबाईंवर अन्याय झाला हे मला कळतं. त्यांचं मार्चमध्ये बघू, मी स्वतः मालकाकडं जाईन. आधी ही पोरगी पार होऊ दे. मला या वर्षी एक तरी पार झालेली बघायची आहे.

रक्षिताला यातलं सांगू नकोस. तिला वाटेल की खरं बोलून चूक झाली.

काळजी घे, आणि माझ्यावरची माया आवळून धर.

तुझी,
सुनयना


॥ ग्रामदेव प्रसन्न ॥

नंदिगड्डे
१८ जानेवारी २०२५

चि. सुनयना हिस,
आज्जी गिरजाचे आशीर्वाद.

आधी अक्षर बघ. व्हय, तीच लिहिते आहे. नागेश नेहमीसारखं पाकीट वळचणीला खोचून गेला, त्याला वरचं वाचायला डोळे कुठले. मी मिरी वाळत घालत होते. पोरीनं पाकीट न उघडता माझ्यापुढं धरलं आणि वर काय लिहिलंय ते सांगितलं. म्हणाली, नागेशअण्णा मंगळवारी येतील, तोवर थांबूया. मीच म्हटलं, उघड. माझ्या नातीचं पत्र तीन दिवस बंद ठेवायला मी काही कलेक्टर नाही. आणि जी पोरगी देवापुढं बोलली तिच्यापासून लपवायचं तरी काय.

तिनं सगळं वाचून दाखवलं. तिला सांगू नकोस म्हणून लिहिलेलं तेही वाचलं, एक अक्षर गाळलं नाही. आवाजही हलला नाही. मग आत जाऊन पाणी पिऊन आली.

आता ऐक, माझी चूक काय ती. तू म्हणतेस कुणी बोलू नका. पण नारळ फोडला की त्याच्या दोन वाट्या होतात. एक वाटी जिचं नुकसान केलं तिच्या घरी पाठवायची असते, दोष करणारीचं नाव सांगून. तिनं ती खाल्ली की ती मूठभर तांदूळ परत पाठवते. त्या तांदळाचा भात आणि दुसरी वाटी दोष करणारीनं खायची, मग दोष फिटला. हे तुझ्या आजोबांच्या आजोबांपासून चालत आलं आहे. तुझा गूळ माझाच होता म्हणून वाटी घरातल्या घरात फिरली, तुला आठवणार नाही. तर तुझं पत्र यायच्या आधी, सहाव्या तारखेलाच, मी देवकीला बसनं दिग्गीला पाठवलं होतं. मीच. पोरीनं जायचं म्हटलं तर तिची सोमवारची सही चुकली असती, म्हणून. बघ, तुझा नियम मी केवढा पाळला.

देवकी सांगते, सुंदरीनं वाटी घेतली. उंबऱ्यावर बसून सगळी खाल्ली, रडत रडत. मग पोरीचं नाव पुन्हा एकदा विचारलं आणि बापाचंही नाव विचारून घेतलं. तांदूळ काही दिले नाहीत. देवकीला वाटलं विसरली असेल. मला तसं वाटत नाही.

पोरीची वाटी चुलीवरच्या फळीवर ठेवली आहे. तांदूळ आले की खाईल.

तू रागावत नाहीस म्हणतेस. रागाव. बरं वाटेल मला.

तुझी,
आज्जी
(अंगठा)

ता. क. ताई, हे आज्जींनी सांगितलेलं नाही, मी लिहिते. त्या झोपल्या आहेत. ते पत्र पिशवीत ठेवू नका. तारीख मीच घातली आहे. तुम्ही फाइलला लावलं तर मी सांगितलं असं होईल. नाही लावलं तर तसं राहणार नाही. सुंदरीबाई मला दुपारी पहिल्यांदा वाढायच्या, मग स्वतः जेवायच्या. मला दहावीचं एवढं काही नाही. – रक्षिता


हल्याळ
६ फेब्रुवारी २०२५

पाकिटावर: नागेशअण्णांनी वाचून दाखवावे. आता दुसरं कुणी नाही.

ती. आज्जीस,
सुनयनाचा नमस्कार.

गेल्या गुरुवारी रक्षिताला न्यायला जीप आली तेव्हा मी मागं बसले होते हे तू पाहिलंस. उतरून तुझ्या पाया पडायची हिंमत झाली नाही. तू दारातून हात वर केलास, तो आशीर्वाद होता की थांबा म्हणत होतीस, हे मला अजून कळलेलं नाही.

काय काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं. तेवीस तारखेला मी परत आले. तुझं पत्र आणि खालचं तिचं लिहिणं वाचलं. ती बरोबर लिहीत होती हे मला तिथल्या तिथं कळलं. सोमवारी फाइलला लावते असं ठरवलं. शुक्रवारही मोकळा होता, आज्जी. मी सोमवार म्हटलं. शनिवारी सुंदरीबाई भावाला घेऊन मालकाकडं गेल्या, मी चोर नाही हे आता सगळ्या नंदिगड्ड्याला माहीत आहे म्हणाल्या, मला कामावर घ्या. त्यांनी दुसरं काय करायचं होतं? मालकानं त्यांना बाहेर बसवलं आणि ठाण्यात फोन केला.

मंडळापुढं मी दोन्ही पत्रं काढून ठेवली. तिनं स्वतः कबूल केलं आहे, कुणी पकडायच्या आधी, तिच्या अक्षरात, असं सांगितलं. मला एवढंच विचारलं की पत्र तुमच्या हाती कधी आलं. मी अकरा जानेवारी सांगितलं. पहिल्या दिवशी लावलं असतं तर ते त्या मुलीचं खरं बोलणं ठरलं असतं. मी सतरा दिवस छत्रीखाली ठेवलं आणि ते पकडलेलं झालं. माझ्या शब्दाला त्यानंतर किंमत उरली नव्हती, आणि तिच्याकडं माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

एक वर्ष गृहात. तिची फाइल दुसऱ्या बाईंकडं गेली. मला तिला भेटायची परवानगी नाही. बाकीची बेचाळीस अजून माझ्याकडं आहेत. ऑफिसात न मागता चहा आणून ठेवतात.

जीपमध्ये तिनं मला एकच विचारलं, सुंदरीबाईंना कामावर परत घेतलं का. मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं.

मला यायचं आहे, पण इतक्यात नको. माया ठेव म्हणायचा अधिकार राहिला असेल तर म्हणते.

तुझी,
सुनयना


॥ ग्रामदेव प्रसन्न ॥

नंदिगड्डे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सुनयना हिस,
आज्जी गिरजाचे आशीर्वाद.

नागेश लिहितोय. त्याला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, सुधारायचं न्हाई. सुधारणारी गेली. आज तो चहा नको म्हणाला. म्हणजे किती वाईट झालंय ते तूच समज.

तू पत्र लपवलंस, मी वाटी पाठवली. दोघीही शहाण्या. पोरगी तेवढी येडी हुती, जे सांगितलं ते तिनं केलं. सरकारनं सही कर म्हटलं, केली. मी देवापुढं अर्धं सांगू नको म्हटलं, न्हाई सांगितलं. मी उघड म्हटलं, उघडलं. तिच्या हातनं मी तिचाच फास लिहून घेतला गं, आणि वर अक्षराचं कौतुक करत बसले. लिहिताना हात थांबला तेव्हा मला कळायला पायजे हुतं. मला वाचता येत न्हाई म्हणून मी लोकांची तोंडं वाचते, असं गावभर सांगत हिंडले. हिचं वाचलं न्हाई.

मी मिराशीकडं गेले हुते. त्याला विचारलं, नारळ फोडून सगळ्यांसमक्ष कबूल केलेला दोष सरकारनं परत कसा काढला. तो म्हणाला, देवाची हद्द गावच्या वेशीपर्यंत. मी म्हटलं, हे आधी सांगायचं हुतंस. तो खोकला.

काल सुंदरी आली. दोन बस बदलून, दिग्गीहून. दारात उभी राहिली आणि आत यायला बघेना. तिला कामावर घेतलं न्हाई. मालक म्हणाला, ठाण्यापर्यंत गेलेली माणसं नकोत. आता तिच्याबरोबर भावाचंही तिथलं काम गेलं. तिला पोरीला न्यायचं नव्हतं. तिला वाटलं, पाटलीचं नाव आपल्यावरनं फिरलं की बास, चोर म्हणणं तेवढं थांबंल. मी तिला शिव्या द्यायच्या ठरवून ठेवल्या हुत्या, चांगल्या निवडून. एक आठवली न्हाई. जेवायला वाढलं. ती म्हणाली, पोरगी भांडी घासताना बोटं आत मुडपून ठेवायची, थंडीनं फुटायची म्हणून, मी तिला तेल द्यायची.

जाताना पदराची गाठ सोडली आणि तांदूळ काढून ठेवले. मूठभर. तेव्हाच आले असते तर, असं मी म्हणाले न्हाई.

तुला भेटू देत न्हाईत म्हणतीस, आणि नागेश म्हणतो तिथं बाहेरचं खायचं चालत न्हाई. तर तांदूळ फडक्यात बांधून डब्यात ठेवलेत. तिनं मोबाइल ठेवला तसलाच डबा. वाटी चुलीवरच्या फळीवर हाय, वाळून गोटा झालीय. खोबरं धुरावर वर्षभर टिकतं. तांदळाला मात्र पावसात टोके पडत्यात, म्हणून मी दर सोमवारी ते उन्हात घालते आणि परत बांधते. सोमवारी, कारण तिच्या सहीचा वार.

टिकवते मी. तू खोटं सांगितलंस ते तेवढं तिला खरं वाटू दे. आणि तू ये. रागवायला माणूस लागतं समोर.

नागेश विचारतोय, शेवटी काय लिहू. काय न्हाई म्हटलं. अंगठा दे.

तुझी,
आज्जी
(अंगठा)